विश्लेषण : जुन्या जीपचं चाक का गुणगुणतं? व्हील बेअरिंग बदलताना नट किती आवळायचा?

कुंभार्ली घाट उतरून पोफळीजवळ आलो, तेव्हा जीपमध्ये जळकट वास यायला लागला होता. घाट उतरताना ब्रेक तापतातच, म्हणून आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मागच्या सीटवर मामी आणि त्यांची चार वर्षांची नात. मामींनीच दुसऱ्यांदा विचारलं, ‘‘अरे, काय जळतंय?’’ मामांनी गाडी कडेला घेतली. उजव्या पुढच्या चाकाच्या मध्यावर हात ठेवला, तर ते कोमट लागलं. डाव्या चाकाजवळ मात्र हात नेतानाच झळ लागली.

त्या डाव्या चाकाचं बेअरिंग दोनच रविवार आधी मी आणि मामांनी पाटणला अंगणात बदललं होतं. बेअरिंग नवंकोरं, ग्रीस नवं, सील नवं. शेवटचा नट मी आवळला होता. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि अंगातला सगळा जोर लावून. चाक निखळून पडू नये एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

चिपळूणहून आलेल्या मिस्त्रींनी हब उघडलं. ग्रीस काळं पडून पातळ झालं होतं आणि रोलर निळसर झाले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘नट कुणी आवळला?’’ मी गप्प. मग ते म्हणाले, ‘‘साहेब, चाक आहे ते. लोणच्याच्या बरणीचं झाकण नाही.’’

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या आजही सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवर, शेतात आणि कच्च्या रस्त्यांवर रोज राबतात. त्यांच्या चाकातलं बेअरिंग घरी किंवा गावातल्या गॅरेजमध्ये बदलता येतं, हा या गाड्यांचा मोठा गुण. पण बेअरिंग बदलणं हे अर्धंच काम आहे. ते किती घट्ट बसवायचं, हे उरलेलं अर्धं काम. तिथे चूक झाली, तर नवं बेअरिंग जुन्यापेक्षा लवकर जातं. हे नेमकं कसं घडतं आणि काय केलं म्हणजे घडत नाही, ते समजून घेऊ.

व्हील बेअरिंग नेमकं करतं काय?

जीपच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी एक जाड, पोकळ दांडा असतो. त्याला स्पिंडल म्हणतात. तो फिरत नाही. त्याच्या पोकळीतून चाकाला ताकद देणारा एक्सल शाफ्ट बाहेर येतो. स्पिंडलवर हब बसतं आणि हबला चाक. न फिरणारं स्पिंडल आणि फिरणारं हब यांच्यामध्ये असतात दोन बेअरिंग : एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला. त्या चाकावर येणारा गाडीचा सगळा भार या दोघांवरून जमिनीकडे जातो.

काम किती कष्टाचं आहे, ते एका हिशोबातून कळेल. जुन्या जीपच्या १६ इंची रिमवरच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४५० फेरे घेतं. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली, तर मिनिटाला ४५० फेरे. हे सगळं भार पेलत, खड्ड्यांचे हादरे सोसत आणि ग्रीसच्या पातळ थरावर घसरत-लोळत चालतं.

हे बेअरिंग शंकूच्या आकाराचं का असतं?

या गाड्यांत बहुतेक वेळा टेपर रोलर बेअरिंग असतं. त्यातले रोलर सरळ नळकांड्यासारखे नसून एका बाजूला किंचित निमुळते असतात. रोलर आणि जाळी ज्यावर बसतात त्या आतल्या कड्याला ‘कोन’ म्हणतात. बाहेरच्या वाटीसारख्या कड्याला ‘कप’ म्हणतात. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो, तर कोन स्पिंडलवर सरकवलेला.

चाकावर भार फक्त वरून येत नाही. वळणावर तो बाजूनेही येतो. घोडागाड्यांच्या काळापासून ही अडचण होती. अमेरिकेत घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकन यांनी १८९८ मध्ये टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट मिळवलं, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. निमुळता रोलर वरचा भारही घेतो आणि बाजूचाही. मात्र एक टेपर बेअरिंग एकाच दिशेचा बाजूचा भार घेऊ शकतं. म्हणून हबमध्ये दोन बेअरिंग एकमेकांच्या विरुद्ध तोंडाने बसवतात.

या रचनेचा एक परिणाम असा, की दोन्ही कोनांमधलं अंतर जसं बदलेल, तसा बेअरिंगमधला मोकळेपणा बदलतो. हे अंतर ठरवतो तो स्पिंडलच्या टोकावरचा नट. नट आवळला की बाहेरचा कोन आत सरकतो आणि जागा कमी होते. सैल केला की जागा वाढते. त्यामुळे या नटाचं काम चाक धरून ठेवण्याबरोबरच मोकळेपणाचं माप ठरवण्याचंही आहे. माझं चुकलं ते इथेच.

नव्या गाड्यांत हा प्रश्न का येत नाही?

आजच्या बहुतेक कार आणि एसयूव्हींमध्ये सीलबंद हब युनिट असतं. त्यातला मोकळेपणा कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. नट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, बस्स. बिघडलं तर अख्खं युनिट बदलायचं.

जुन्या जीपची वंशावळ वेगळी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे अनेक दशकं निघालेल्या जीपांमध्ये एक्सल आणि हबची रचना मूळ धाटणीच्या जवळचीच राहिली. खोला, धुवा, ग्रीस भरा, पुन्हा बसवा आणि हाताने ॲडजस्ट करा, असा तिचा स्वभाव. युद्धकाळात मैदानावर दुरुस्त व्हावी म्हणून घडलेली ही गाडी आहे. ती दुरुस्त होतेच, पण दुरुस्त करणाऱ्याला माप कळलेलं असावं लागतं.

बेअरिंग गेलंय, हे कसं ओळखायचं?

बेअरिंग सहसा एका दिवसात जात नाही. ते आधी बोलायला लागतं. ही चार लक्षणं पाहा.

पहिलं, आवाज. ठरावीक वेगाला ‘हूं हूं’ असा घुमणारा आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर गाडी न्यूट्रल करून पाहा. इंजिनचे फेरे कमी होऊनही आवाज तसाच राहिला, तर तो चाकाकडचा. मोठ्या नक्षीचे मड टायरही असाच आवाज करतात. पण डांबरावरून काँक्रीटवर गेलं की त्यांचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. आवाज कोणत्या बाजूचा हे वळणावर कळू शकतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर संशय उजव्या बाजूवर.

दुसरं, खेळ म्हणजे प्ले. चाक जॅकवर उचला. एक हात टायरच्या वर, एक खाली धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली, तर कुठेतरी झीज आहे. पण ती बेअरिंगचीच असेल असं नाही, कारण जुन्या जीपमध्ये किंगपिनची झीजही अशीच जाणवते. इथे मिस्त्री लोकांची एक जुनी युक्ती कामाला येते. दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा चाक हलवा. ब्रेकमुळे हब आणि त्यामागचा भाग एकमेकांना जखडले जातात. खेळ नाहीसा झाला, तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिनचा. हात टायरच्या डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावरच खेळ जाणवत असेल, तर स्टिअरिंगचे टाय रॉड तपासा.

तिसरं, उष्णता. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक कमी वापरून, गाडी थांबवा आणि चारही हबचं तापमान पाहा. आधी हात जवळ नेऊन झळ पाहा, मगच स्पर्श करा. चारही सारखी कोमट असतील, तर ठीक. एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर एक तर बेअरिंग घट्ट आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. दोन्ही गोष्टी दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. घाट उतरताना मी नेमकी हीच खूण वाचली नाही. घाटात ब्रेक तापले, तर दोन्ही बाजूंचे तापायला हवेत.

चौथं, ग्रीसची गळती. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक ड्रमवर ग्रीसचे ओघळ दिसले, तर सील गेलेलं आहे. ज्या वाटेने ग्रीस बाहेर येतं, त्याच वाटेने पाणी आत जातं.

काम सुरू करण्याआधी काय पाहायचं?

सर्वात आधी गाडी पक्की उभी करा. सपाट, कडक जमीन निवडा आणि उलट बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी उचलल्यावर एक्सलखाली भक्कम स्टँड द्या आणि मगच चाक काढा.

जुन्या जीपबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यातल्या काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचं एक मागचं चाक उचललं, की डिफरन्शिअलमुळे ते मोकळं फिरू शकतं. मग हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, चाकांना ठोकळे लावाच.

सामानात दोन बेअरिंग कप-कोनसह, नवं ऑइल सील, नवा लॉक वॉशर, हबच्या तोंडाचं गॅस्केट आणि व्हील बेअरिंगचं ग्रीस लागेल. बेअरिंग घेताना फक्त गाडीचं मॉडेल सांगू नका. वर्षागणिक आणि एक्सलगणिक बेअरिंग बदलू शकतं. जुन्या कोनवर आणि कपवर कोरलेला नंबर वाचा आणि तोच मागा. बाजारात नकली बेअरिंगही मिळतात. पाकीट आणि बिल तपासून घ्या. एसकेएफसारख्या काही कंपन्यांनी अस्सल माल ओळखण्यासाठी मोबाइल ॲपही काढलं आहे.

हत्यारांत नटाच्या मापाचा बॉक्स पाना हवाच. अनेक गॅरेजमध्ये हा नट छिन्नी-हातोड्याने फिरवला जातो. त्याने नटाच्या कडा जातात, लोखंडाचे बारीक कण बेअरिंगमध्ये पडतात आणि किती आवळलं याचा अंदाज राहत नाही. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तम.

बेअरिंग बदलतात कसं?

१. चाक काढल्यावर हबच्या तोंडावरची ड्राइव्ह फ्लॅन्ज किंवा फ्री-व्हील लॉक काढा. आत बाहेरचा नट, मग लॉक वॉशर, मग आतला नट असा क्रम दिसेल. वॉशरची वाकवलेली कड सरळ करून नट काढा. हब ओढताना बाहेरचा कोन खाली पडू देऊ नका.

२. हबच्या मागचं सील काढून आतला कोन बाहेर घ्या. सगळं रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन पुसा. धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवू नका. ग्रीसशिवाय वेगात फिरलेलं बेअरिंग खराब होतं, तुटून इजाही करू शकतं. ब्रेक ड्रममधली धूळही तोंडाने फुंकू नका किंवा हवेने उडवू नका, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती ओल्या फडक्याने पुसा.

३. जुनी बेअरिंग टाकण्याआधी नीट पाहा. बिघाडाचं कारण त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. पृष्ठभागाचे पापुद्रे निघाले असतील, तर धातू थकला आहे. रोलरच्या अंतराने कपवर खळगे दिसले, तर जोराचा धक्का बसला आहे. तांबूस-काळे डाग म्हणजे पाणी शिरलं. निळसर झाक म्हणजे बेअरिंग फार तापलं. कारण न शोधता नुसतं बेअरिंग बदललं, तर तेच पुन्हा होतं.

४. कप बदला. कोन आणि कप ही जोडी आहे. जुन्या कपमध्ये नवा कोन घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जुना कप मागून पितळी किंवा मऊ लोखंडी दांडा लावून, आलटून-पालटून समोरासमोरच्या बाजूंना ठोकून काढा. नवा कप तसाच गोलाकार फिरत हळूहळू बसवा. तिरका गेला तर थांबा, सरळ करा. कप तळाला टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो. पोकळ ठकठक जाऊन भरीव ठणका येतो. कप तळाला टेकला नसेल, तर आज केलेली ॲडजस्टमेंट चार दिवसांत सैल होईल.

५. स्पिंडल पुसून तपासा. कोन त्यावर हाताने सरकला पाहिजे. चर पडलेले किंवा निळा पट्टा उमटलेला असेल, तर स्पिंडल मिस्त्रींना दाखवा. ठीक असेल, तर त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा.

६. कोनमध्ये ग्रीस भरा. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि कोनची रुंद बाजू त्यावर दाबत राहा. ग्रीस रोलरमधून वरच्या बाजूने बाहेर यायला हवं. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस आत पोहोचत नाही. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरू नका, थोडी मोकळी जागा ठेवा. चासीसाठीचं साधं ग्रीस चाकात चालत नाही, कारण ते कमी तापमानाला पातळ होतं. लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचं, पाकिटावर व्हील बेअरिंगसाठी असल्याचं लिहिलेलं ग्रीस घ्या. जुनं आणि नवं ग्रीस मिसळू देऊ नका.

७. आतला कोन बसवून मगच सील ठोका. क्रम उलटा झाला, तर नवं सील काढून फेकावं लागतं. सीलची ओठासारखी कड ग्रीसच्या, म्हणजे बेअरिंगच्या बाजूला हवी. मग हब सरळ स्पिंडलवर सरकवा, बाहेरचा कोन घाला आणि आतला नट हाताने लावा.

नट किती आवळायचा?

सगळ्या कामाचं यश या पुढच्या दहा मिनिटांवर आहे.

आधी चाक हाताने फिरवत-फिरवत आतला नट आवळायचा. फिरवायचं कारण असं, की रोलर आपापल्या जागी सरळ बसतात आणि मधलं जादा ग्रीस बाजूला सरकतं. चाक न फिरवता आवळलं, तर नट घट्ट लागतो, पण बेअरिंग बसलेलं नसतं. अमेरिकेतल्या सीजे मालिकेतल्या जीपांसाठी या टप्प्यावर ५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितला जात असे. तो फक्त बेअरिंग जागेवर बसवण्यासाठी असतो.

त्यानंतर नट मागे फिरवायचा, साधारण एक षष्ठांश फेरा. नट षटकोनी असेल, तर एक बाजू सरकली एवढं. मी हीच पायरी गाळली होती. घट्ट केलेली गोष्ट मुद्दाम सैल करायची, हे तेव्हा मनाला पटलंच नाही.

मग लॉक वॉशर घाला. त्याची जीभ स्पिंडलच्या खाचेत बसली पाहिजे. त्यावर बाहेरचा नट घट्ट आवळा. तो आतल्या नटाला जागेवर धरून ठेवतो. इथे एक गंमत होते. बाहेरचा नट आवळला, की आट्यांमधला ढिलेपणा निघून आतला नट किंचित आत दाबला जातो आणि ठेवलेली मोकळी जागा थोडी कमी होते. म्हणून अंतिम तपासणी नेहमी बाहेरचा नट आवळल्यानंतरच करायची. जागा जास्त किंवा कमी वाटली, तर पुन्हा सगळं सैल करून आतला नट थोडा इकडे-तिकडे करायचा. दोन-तीनदा असं करावं लागणं अगदी स्वाभाविक आहे. समाधान झालं, की वॉशरची कड नटाच्या बाजूवर वाकवून कुलूप लावायचं.

किती जागा हवी? हाताने ॲडजस्ट होणाऱ्या टेपर बेअरिंगसाठी सर्वसाधारण मार्गदर्शक माप ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर असं आहे. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे अख्ख्या चाकाचं भवितव्य एका कागदाच्या जाडीत आहे. डायल गेज असेल, तर हब आत-बाहेर ढकलून हे मोजता येतं. नसेल, तर चाक लावून वर-खाली धरून हलवा. खेळ जेमतेम जाणवावा, खटखट वाजू नये आणि चाक एका हाताने विनाअडथळा फिरावं. फिरवून पाहताना गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये असू द्या आणि ब्रेक चिकटत नाही याची खात्री करा.

ही पद्धत सर्व गाड्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. जुन्या टोयोटा लँड क्रूझरसारख्या गाड्यांत मोकळी जागा न ठेवता थोडा दाब ठेवतात. तो हबला स्प्रिंग काटा अडकवून, चाक फिरायला किती ओढ लागते त्यावरून मोजतात. त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा हाच अंतिम.

जास्त घट्ट केलं तर बिघडतं काय?

बेअरिंग घट्ट असलं की घर्षण वाढतं आणि उष्णता तयार होते. हबला बाहेरून वारा लागतो, म्हणून ते थोडं थंड राहतं. आतला कोन आणि स्पिंडल जास्त तापतात आणि प्रसरण पावतात. त्यामुळे आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते. मग घर्षण आणखी वाढतं आणि बेअरिंग आणखी तापतं. ग्रीस पातळ होऊन वाहून गेलं, की धातूवर धातू घासायला लागतो. जाळी तुटते, रोलर अडकतात आणि कोन स्पिंडलला चिकटून बसू शकतो. बाहेरचं बेअरिंग पूर्ण फुटलं, तर नटाला धरायला काही उरत नाही आणि हबसकट चाक बाहेर येऊ शकतं. पोफळीला आम्ही थांबलो, ते यातल्या मधल्या पायरीवर.

रोलर बेअरिंगच्या आयुष्याचं गणितही निष्ठुर आहे. भार दुप्पट झाला, तर अपेक्षित आयुष्य निम्मं होत नाही, साधारण दहाव्या भागावर येतं. हे सूत्र मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. नट आवळताना ते आठवलं नाही.

फार सैल ठेवणंही चुकीचंच. मग भार मोजक्या रोलरवर येतो, चाक डुलतं, सील लवकर झिजतं आणि ब्रेक ड्रम नीट केंद्रात फिरत नाही. तरी अनुभवी मिस्त्री एक गोष्ट सांगतात : किंचित सैल असलेलं बेअरिंग आवाज करून इशारा देतं, फार घट्ट असलेलं थेट जळतं.

मागच्या चाकांचं काय?

मागच्या एक्सलचे दोन प्रकार असतात. फुल-फ्लोटिंग प्रकारात हब पुढच्यासारखंच दोन बेअरिंगवर फिरतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तिथे ॲडजस्टमेंट नटानेच होते. सेमी-फ्लोटिंग प्रकारात गाडीचा भार शाफ्टवरच असतो. तिथे बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं. टेपर बेअरिंग असलेल्या अशा काही जुन्या एक्सलमध्ये मोकळेपणा पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमने ठरवतात. बेअरिंग काढायला पुलर किंवा प्रेस लागतो. हे काम अंगणात न करता गॅरेजमध्येच करावं. इथे बेअरिंगने दगा दिला, तर शाफ्टसह चाक बाहेर येऊ शकतं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

ओढा ओलांडताना एक साधी भौतिक क्रिया घडते. चालून तापलेलं हब थंड पाण्यात बुडालं, की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून खोल पाण्यात शिरण्याआधी शक्य असेल, तर हब थोडी थंड होऊ द्या. हबच्या वरपर्यंत पाणी गेलं असेल, तर घरी आल्यावर एखादं हब उघडून पाहा. ग्रीस दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलं आहे. सगळं धुऊन नवं ग्रीस भरण्याला पर्याय नाही. भातलावणीच्या चिखलात राबणाऱ्या गाडीची हब पावसाळा संपल्यावर एकदा उघडणं केव्हाही स्वस्त पडतं.

बेअरिंग नवं बसवल्यावर आधी जवळपासच दहा-पंधरा किलोमीटर फिरा आणि हबची उष्णता तपासा. काही दिवसांनी खेळ पुन्हा पाहा, कारण नवे कप सुरुवातीला किंचित बसतात. ही तपासणी होईपर्यंत लांबचा प्रवास आणि घाट टाळा. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. अंगणातून निघून गाडी गावातल्या गावात फिरली आणि पुढचा मोठा प्रवास थेट घाटाचा.

त्या दिवशी मिस्त्रींनी स्पिंडल पुसून, घासून पाहिलं. ते वाचलं होतं. चिपळूणहून नवं बेअरिंग मागवलं. नट आवळायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः चाक फिरवत राहिले. मी आवळला, त्यांनी ‘‘आता मागे’’ म्हटलं. मी एक बाजू मागे घेतला. त्यांनी टायर वर-खाली धरून हलवला आणि मलाही हलवायला लावला. हाताला अगदी पुसट, कळेल न कळेल असं काहीतरी जाणवलं.

‘‘एवढंच,’’ ते म्हणाले. परतीचा घाट चढताना मामांनी तीनदा गाडी थांबवली. तिन्ही वेळा उतरून हबला हात मीच लावला. कोमट होतं.